पार्श्वभूमी : सारायेव्होतील ‘मिश्र’ प्रेम आणि त्यावर मागाहून आलेली बंदी

मे १९९३ मध्ये, युद्ध चालू असताना, बोस्नियाची राजधानी असलेल्या सारायेव्होच्या मध्यातून वाहणाऱ्या मिल्यात्स्का नदीवर, वर्बान्या नावाच्या पुलाजवळ, एक तरुण आणि एक तरुणी गोळ्या लागून मरण पावले. तो सर्ब होता आणि ती बोश्न्याक, म्हणजे त्या काळच्या सरकारी भाषेत ‘मुस्लिम’, होती. दोघेही पंचविशीचे होते आणि शाळेच्या दिवसांपासूनचा त्यांचा सहवास जवळजवळ नऊ वर्षांचा होता. एका वृत्तसंस्थेच्या बातमीमुळे जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्यांना ‘सारायेव्होचे रोमिओ आणि ज्युलिएट’ म्हटले आणि तेच नाव पुढे कायम राहिले. या नावाने एक गोष्ट सोपी केली आणि दुसरी झाकली. त्या नाटकात दोन घराण्यांचे वैर आधीचे आहे आणि प्रेम त्या वैरात जन्माला येते. सारायेव्होत क्रम उलटा होता. या दोघांच्या आईवडिलांनी त्यांच्या संबंधाला आडकाठी केलेली नव्हती, ज्या राज्यात ते वाढले त्या राज्याचा कायदा त्यांच्या बाजूचा होता, आणि त्यांच्या शहरात अशा जोड्या इतक्या होत्या की त्यांच्याकडे कोणी वळून पाहत नसे. बंदी मागाहून आली, आणि ती कोणत्याही एका आदेशाने आली नाही. ती कशी आली, एवढ्यापुरतीच ही टीप आहे. युगोस्लाव्हियाच्या, म्हणजे बोस्निया ज्याचा एक घटक होता त्या समाजवादी संघराज्याच्या, फाळणीचा आणि तिच्यातून १९९२ ते १९९५ या काळात बोस्नियात झालेल्या युद्धाचा सगळा इतिहास वाचकांना ठाऊक आहे असे येथे गृहीत धरले आहे.

बंदी पूर्वी कधीच नव्हती, असे मात्र म्हणता येत नाही. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या अमलात बोस्नियातील विवाह त्या त्या धर्मसंस्थेच्या अखत्यारीत होते. ऑर्थोडॉक्स आणि कॅथलिकांसाठी आपापले चर्च होते, मुसलमानांसाठी शरियत न्यायालय होते. त्यामुळे एका धर्माच्या मुलीने दुसऱ्या धर्माच्या मुलाशी संसार मांडायचा म्हणजे व्यवहारात दोघांपैकी एकाने धर्म सोडणे आले. अशी प्रकरणे इतकी चिघळत की १८९१ मध्ये प्रशासनाला धर्मांतराचे खास नियम करावे लागले. त्यानंतरही १८९९ मध्ये मोस्तारजवळच्या एका खेड्यातील मुसलमान मुलगी घरातून नाहीशी झाली आणि तिला कॅथलिक करण्यात आल्याचे उघड झाले, तेव्हा उसळलेल्या संतापातून बोस्नियातील मुसलमानांची धार्मिक स्वायत्ततेची मोठी चळवळ उभी राहिली. एका मुलीच्या घर सोडण्यातून एका समाजाचे संघटित राजकारण सुरू झाले, यात भारतीय वाचकाला नवल वाटू नये. दोन महायुद्धांमधल्या राजेशाही युगोस्लाव्हियानेही विवाह धर्मसंस्थांच्या हातीच ठेवले.

हे सारे १९४६ मध्ये बदलले. नव्या समाजवादी राजवटीने त्या वर्षी विवाहाचा मूलभूत कायदा करून नोंदणी विवाह हाच एकमेव वैध विवाह ठरवला आणि शरियत न्यायालये बंद केली. चर्चमध्ये किंवा इमामासमोर विधी करायला मनाई नव्हती, पण त्याआधी नगरपालिकेत जाऊन निबंधकासमोर सह्या करणे आवश्यक झाले, आणि त्या टेबलावर वधूवरांचा धर्म आड येत नव्हता. आपल्याकडच्या १९५४ च्या विशेष विवाह कायद्याशी याची तुलना करण्याचा मोह होतो, परंतु फरक मूलभूत आहे. आपल्याकडे तो कायदा पर्याय म्हणून आला आणि धर्मनिहाय विवाह-कायदे तसेच राहिले. तिकडे पर्याय हा प्रकारच उरला नाही. १९६८ मध्ये जन्मलेल्या पिढीने, म्हणजे वर्बान्या पुलावरच्या जोडीच्या पिढीने, याखेरीज दुसरी पद्धत पाहिलेली नव्हती. १९८४ च्या फेब्रुवारीत सारायेव्होत हिवाळी ऑलिम्पिक भरले तेव्हा ही मुले सोळाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होती.

येथे ‘मिश्र विवाह’ या शब्दाकडे थोडे थांबून पाहणे भाग आहे, कारण युद्धाच्या आधी, युद्धात आणि युद्धानंतर सर्वांनी हाच शब्द वापरला आणि प्रत्येकाने त्यातून वेगळे काही सिद्ध केले. बोस्नियात त्याला ‘मियेशानी ब्राक’ म्हणतात आणि मराठी प्रतिशब्द त्याला नेमका जुळतो. आपल्याकडे हा शब्द आधी जातींच्या संदर्भात रुळला आणि मग धर्मांच्या. दोन्ही भाषांत त्याच्या पोटात एक गृहीतक आहे : मिसळलेले दोन जिन्नस मिसळण्यापूर्वी स्वच्छ वेगळे होते आणि मिसळल्यानंतरही वेगळे ओळखता येतात. बोस्नियातल्या गोंधळाचे मूळ याच गृहीतकात आहे.

युगोस्लाव्हियात विवाह नोंदवताना धर्म लिहून घेत नसत, पण वधूचा आणि वराचा ‘नारोद’ लिहून घेत. नारोद म्हणजे राष्ट्रसमूह; सर्ब (परंपरेने ऑर्थोडॉक्स), क्रोएट (परंपरेने कॅथलिक), स्लोव्हेन असे ते समूह होते. बोस्नियातील मुसलमानांचा नारोद कोणता, याचे उत्तर राज्याने तीनदा बदलले. आरंभी त्यांनी सर्ब किंवा क्रोएट म्हणून नाव नोंदवावे, अथवा ‘अनिश्चित’ राहावे, अशी अपेक्षा होती. १९६१ च्या शिरगणतीत ‘वांशिक अर्थाने मुस्लिम’ असा रकाना आला. १९६८ मध्ये बोस्नियातील सत्ताधारी पक्षाने मुस्लिम हा स्वतंत्र नारोद असल्याचे मान्य केले आणि १९७१ च्या शिरगणतीत तो इतरांच्या बरोबरीने छापला गेला. तेव्हापासून एकच शब्द दोन अर्थांनी चालू लागला. तिथल्या भाषेत तो मोठ्या अक्षराने लिहिला की नारोद आणि लहान अक्षराने लिहिला की धर्म. म्हणजे कॅथलिक झालेला, किंवा देवच न मानणारा माणूसही मोठ्या अक्षराचा मुस्लिम असू शकत होता, आणि कोसोव्होतील नमाज पढणारा अल्बेनियन लहान अक्षराचा. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसल्यामुळे हा भेद मराठीत दाखवण्याची सोयच नाही, आणि मराठी वर्तमानपत्रांत त्या काळी ‘सर्ब विरुद्ध मुस्लिम’ असे मथळे आले तेव्हा वाचकाने तो धर्माचा झगडा समजला तर त्याला दोष देता येणार नाही. ‘बोश्न्याक’ हे नाव अधिकृतपणे स्वीकारले गेले ते सप्टेंबर १९९३ मध्ये, युद्ध ऐन भरात असताना. पुलावरची ती तरुणी त्याच्या चार महिने आधी मरण पावली होती; जिवंत असताना तिच्या कागदांवर ते नाव असण्याची शक्यता नव्हती.

याखेरीज ‘युगोस्लाव’ हा रकानाही होता. बोस्नियात १९६१ मध्ये सुमारे पावणेतीन लाख लोकांनी तो निवडला, पण त्यांत बहुसंख्य असे होते ज्यांना अजून दुसरा सोयीचा रकाना मिळालेला नव्हता. म्हणूनच १९७१ मध्ये ही संख्या घसरून ४४ हजारांच्या आसपास आली. १९८१ मध्ये ती पुन्हा सव्वातीन लाखांवर गेली आणि या वेळी कारण निराळे होते. मिश्र विवाहांची मुले मोठी झाली होती, आणि आई एका नारोदची व बाप दुसऱ्या नारोदचा असताना आपण कोणाचे, या प्रश्नाला त्यांनी दिलेले ते उत्तर होते. आता अशा युगोस्लाव मुलाने सर्ब मुलीशी लग्न केले, की ते विवाह निबंधकाच्या वहीत मिश्र ठरे, जरी त्या मुलाची आईही सर्ब असली तरी. सर्ब आणि मॉन्टेनेग्रिन यांचे लग्न मिश्र धरले जाई, जरी दोघेही एकाच भाषेचे आणि एकाच चर्चचे असले तरी. उलट, दोन भिन्न धर्मांच्या घरांतून आलेल्या दोन युगोस्लावांचे लग्न मात्र कागदावर अगदी शुद्ध.

अशा मोजणीतून निघालेला आकडा असा, की १९६० च्या दशकापासून १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत बोस्नियातील दर शंभर विवाहांपैकी ११ ते १२ मिश्र होते, आणि एवढ्या वर्षांत या प्रमाणात फारशी वाढ झाली नव्हती. सर्बियाच्या व्होयव्होदिना प्रांतात हे प्रमाण दुपटीहून अधिक होते. सारायेव्होसारख्या शहरात मात्र ते बोस्नियाच्या सरासरीच्या बरेच वर असल्याचे सर्वमान्य होते, आणि ‘दर तिसरे लग्न मिश्र’ हे वाक्य युद्धकाळात परदेशी वार्ताहरांच्या बातम्यांमधून सर्रास फिरत राहिले. दोन्ही आकडे आपापल्या पक्षाला उपयोगी पडले. ज्यांना बोस्निया ही कृत्रिम जुळवाजुळव होती असे म्हणायचे होते, त्यांनी बारा टक्क्यांवर बोट ठेवले. त्यांचे गणित पूर्णतः चूक नव्हते : १९९१ च्या शिरगणतीनुसार बोस्नियात मुस्लिम ४३.५ टक्के, सर्ब ३१.२ टक्के, क्रोएट १७.४ टक्के आणि युगोस्लाव ५.५ टक्के होते. लोकांनी नारोद न पाहता निव्वळ योगायोगाने लग्ने केली असती, तर तीनांतली दोन लग्ने मिश्र झाली असती. या मापाने बारा टक्के फार कमी आहेत.

परंतु हे माप संसाराला लावायचे का, हा खरा प्रश्न आहे. बहुतेक लग्ने गावातल्या गावात, शेजारच्या खेड्यात होत, आणि बोस्नियातील कित्येक खेडी एकाच नारोदची होती. लग्न दोघांचे असले तरी नाते दोन घरांचे जुळते. बारा टक्के विवाह म्हणजे बारा टक्के माणसे नव्हेत. चुलत, आते, मामे भावंडे धरली तर मिश्र सोयरीक नसलेले घर शहरात शोधूनच काढावे लागले असते. मुलांची नावे याची साक्ष देतात. सारायेव्होत त्या काळी यास्ना, सान्या, दामिर, गोरान, झ्लातान अशी नावे ठेवण्याचा प्रघात होता. यांतील काही नावे दोन बाजूंना चालत, काही तिन्ही बाजूंना, आणि नुसत्या हाकेवरून मुलगा कोणाच्या घरचा हे कळत नसे. त्यासाठी आडनाव विचारावे लागे, आणि कधी कधी बापाचे नावही. १९९२ नंतर नाक्यानाक्यावर ओळखपत्र मागणाऱ्या बंदूकधाऱ्यांनी नेमके हेच विचारले. प्रस्तुत लेखकाचा कल कोणता, हे वाचकाच्या ध्यानात आले असेलच : हे प्रमाण बारा की तेहतीस, हा वाद युद्धाने उभा केला, त्याआधी हा आकडा संख्याशास्त्राच्या वार्षिक पुस्तकात पडून होता आणि लग्न ठरवताना तो कोणी पाहत नव्हते.

आता बंदीकडे. १९९० च्या आरंभी बोस्नियाच्या विधिमंडळाने नारोदच्या नावाने राजकीय पक्ष काढण्यास मनाई केली होती. जूनमध्ये तिथल्या घटना न्यायालयाने ही मनाई रद्द केली. संघटना-स्वातंत्र्याच्या दृष्टीने तो निर्णय समर्थनीय होता, आणि शेजारच्या क्रोएशियात असे पक्ष निवडून आलेले असताना बोस्नियात त्यांना रोखून धरता आले असते असे म्हणणे धाडसाचे आहे. तरीही त्या निर्णयाचा परिणाम काय झाला हे नोव्हेंबरच्या निवडणुकीत दिसले. तीन नारोदांच्या तीन पक्षांनी विधिमंडळाच्या २४० जागांपैकी २०२ जागा घेतल्या. मतदान गुप्त होते, पण निकालाने प्रत्येक घराला एक प्रश्न विचारला. नवरा आणि बायको यांनी एकाच पक्षाला मत द्यायचे, तर दोघांपैकी एकाने परक्याच्या पक्षाला मत द्यायला हवे होते. किंवा दोघांनीही अशा पक्षाला, जो हरणार हे दिसतच होते. मिश्र घरांना स्वतःचे असे राजकीय घर उरले नाही, ते त्या दिवसापासून.

पुढचे दीड वर्ष ‘युद्ध इकडे येणार नाही’ या समजुतीत गेले. क्रोएशियातील शस्त्रसंधीवर देखरेख करण्यासाठी फेब्रुवारी १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना स्थापन झाली तेव्हा तिचे मुख्यालय मार्चमध्ये चक्क सारायेव्होत उघडण्यात आले. तिचे पहिले सेनापती एक भारतीय लेफ्टनंट जनरल होते, ज्यांची लष्करी कारकीर्द मराठा लाइट इन्फन्ट्रीत सुरू झाली होती. मुख्यालयाच्या अस्तित्वाने बोस्नियाही शांत राहील अशी अपेक्षा होती. मेच्या मध्यास त्या मुख्यालयालाच गाशा गुंडाळून बेलग्रेडला जावे लागले.

दरम्यान २९ फेब्रुवारी आणि १ मार्च १९९२ असे दोन दिवस स्वातंत्र्यासाठी सार्वमत झाले. सर्बांच्या पक्षाने त्यावर बहिष्कार टाकला. मतदान सुमारे ६३ टक्के झाले आणि त्यातील जवळजवळ सर्व मते स्वातंत्र्याच्या बाजूने पडली. त्या रविवारी, दुसऱ्या दिवशी दुपारी, बाश्चार्शिया या जुन्या बाजारपेठेतून एक सर्ब वऱ्हाड जुन्या ऑर्थोडॉक्स चर्चकडे निघाले होते आणि वऱ्हाडींच्या हातात सर्ब झेंडा होता. त्यावरून बाचाबाची झाली, गोळ्या सुटल्या, वरपिता जागीच ठार झाला आणि एक धर्मगुरू जखमी झाला. त्याच रात्री शहरातील रस्त्यांवर अडथळे उभे राहिले. संशयितावर आरोपपत्र ठेवले जायला बारा वर्षे लागली आणि खटल्याचा निकाल लागण्यापूर्वीच, २००७ मध्ये, तोही गोळ्या घालून मारला गेला.

हे लग्न मिश्र नव्हते. वधू आणि वर दोघेही सर्ब होते, आणि या कारणाने मिश्र विवाहांच्या इतिहासात या घटनेला सहसा जागा मिळत नाही. ती येथे मुद्दाम दिली आहे, कारण लग्न या गोष्टीला झेंडा लागला तो त्या दिवशी. वऱ्हाडात झेंडा नेण्याची पद्धत जुनी आहे आणि गावाकडे ती सर्वच समाजांत होती. पण सार्वमताच्या दिवशी, त्या बाजारपेठेत, त्याचा अर्थ बदलला. एका बाजूने ती मुद्दाम केलेली आगळीक मानली, दुसऱ्या बाजूने तो साध्या वऱ्हाडावरचा हल्ला मानला. आजही सर्ब बाजू युद्धाचा पहिला बळी म्हणून त्या वरपित्याचे नाव घेते. शहराची अधिकृत स्मृती पहिला बळी धरते तो ५ एप्रिलचा : त्या दिवशी शांतता मोर्चातील दोन स्त्रिया वर्बान्या पुलावर गोळ्यांना बळी पडल्या. एक दुब्रोव्हनिकहून शिकायला आलेली वैद्यकीय विद्यार्थिनी होती आणि बोश्न्याक होती, दुसरी क्रोएट. आज तो पूल त्या दोघींच्या नावांनी ओळखला जातो. सर्ब सैन्याने शहराला घातलेला वेढा त्याच दिवसापासून मोजतात आणि तो १,४२५ दिवस चालला.

वेढ्याने शहराचे दोन भाग केले आणि वर्बान्या पूल नेमका दोहोंच्या मध्ये राहिला. उत्तरेचा किनारा शहराच्या सैन्याकडे, दक्षिणेची ग्रबाव्हित्सा वस्ती सर्ब सैन्याकडे. मधली काही शे मीटरची जागा कोणाचीच नव्हती. त्या सर्ब तरुणाची आई शहर सोडून सर्बियात गेली होती. तो मात्र मैत्रिणीसाठी शहरातच राहिला होता. शहरात तो शत्रूच्या नारोदचा होता आणि पलीकडे गेला असता तर त्याची मैत्रीण तिथे तशीच ठरली असती. वर्षभर काढल्यावर दोघांनी निघून जायचे ठरवले. दोन्ही बाजूंच्या माणसांशी बोलणी झाली, ठरल्या वेळी कोणी गोळी झाडणार नाही असे शब्द घेतले गेले आणि दोघे दुपार कलताना पुलाच्या दिशेने चालत निघाले. पाहणाऱ्यांनी सांगितले ते असे, की आधी तो पडला आणि जागीच गेला. ती जखमी झाली, सरपटत त्याच्यापर्यंत पोचली, त्याच्या अंगावर हात टाकला आणि काही मिनिटांनी तीही गेली. प्रेते आठवडाभर तशीच उघड्यावर पडून होती, कारण उचलायला जाणाऱ्यावर कोण गोळी झाडील याची हमी द्यायला कोणी तयार नव्हते. गोळी कोणी झाडली याबद्दल दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे बोट दाखवले आणि त्यावर न्यायनिवाडा झाला नाही. अखेर सर्ब बाजूने प्रेते नेली आणि लुकाव्हित्सा येथील लष्करी दफनभूमीत दोघांना पुरले. युद्ध संपल्यावर, १९९६ मध्ये, तिच्या वडिलांच्या खटपटीने दोघांना शहरातल्या ‘लाव’ म्हणजे सिंह या जुन्या दफनभूमीत हलवण्यात आले. तिथे धर्मानुसार वाटून दिलेल्या जागेत बसवण्याजोगे हे थडगे नव्हते; त्यावर चंद्रकोर नाही आणि क्रूसही नाही, हृदयाच्या आकाराचा दगड आणि दोघांचे छायाचित्र आहे.

युद्धाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बंदी उघड शब्दांत मांडली जाऊ लागली. सर्ब बाजूच्या नेतृत्वाचा तर पायाच हा होता की हे लोक एकत्र राहूच शकत नाहीत. मिश्र घर हा त्या सिद्धान्ताचा चालताबोलता प्रतिवाद होता, त्यामुळे अशा घरांना तिकडे सर्वांत आधी निघावे लागले. परंतु १९९४ मध्ये वेढ्यातल्या सारायेव्होतही, सत्ताधारी वर्तुळाच्या निकटच्या एका साप्ताहिकातून मिश्र विवाहांवर कडवट लेखन झाले, त्यांतून जन्मलेल्या मुलांबद्दल नको ते लिहिले गेले, आणि त्यावर शहरात मोठा वाद पेटला. तोफा डागणारा आणि तोफा झेलणारा यांना एका पारड्यात घालणे अन्यायाचे होईल, आणि त्या वादात अनेकांनी या लेखनाचा निषेध केला हेही नोंदवले पाहिजे. तरी एवढे खरे, की ज्या शहराचा जगासमोरचा युक्तिवाद ‘आम्ही मिसळून राहतो’ असा होता, त्याच शहरात मिसळण्याबद्दल खुलासा मागितला जाऊ लागला होता. ज्यांना जमले ते गेले. परदेशी आश्रय देणाऱ्या यंत्रणांनी आपापल्या यादीत मिश्र विवाह हा स्वतंत्र वर्ग केला. अमेरिकेच्या पुनर्वसन कार्यक्रमात तो प्राधान्याचा होता. हेतू दयेचा होता. परिणाम असा झाला की मिश्र घरांसाठी सर्वांत खात्रीचा रस्ता देशाबाहेरचा ठरला, आणि अर्जावर ‘मिश्र’ हा शब्द या वेळी त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला.

अमेरिकेतील डेटन येथे ठरलेल्या आणि १४ डिसेंबर १९९५ रोजी पॅरिसमध्ये सह्या झालेल्या कराराने युद्ध थांबले; बोस्नियाची राज्यघटना त्या कराराचे चौथे परिशिष्ट म्हणून आली. तिच्या उद्देशिकेत बोश्न्याक, क्रोएट आणि सर्ब हे घटक लोकसमूह म्हणून येतात आणि कंसात ‘इतर’ येतात. तिथल्या भाषेतला तो शब्द ‘ओस्ताली’, आणि त्याचा अर्थ ‘उरलेले’ असाही होतो. राष्ट्राध्यक्षपदावर तिघे बसतात, प्रत्येक घटक समूहाचा एक. वरच्या सभागृहात प्रत्येकी पाच, एकूण पंधरा. उरलेल्यांना दोन्हीकडे जागा नाही. मिश्र आईबापांच्या मुलाला दोन्हींपैकी एका पदासाठी उभे राहायचे तर आधी आईचे किंवा बापाचे नाव निवडावे लागते. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २२ डिसेंबर २००९ रोजी एका रोमा आणि एका ज्यू नागरिकाच्या अर्जावर ही व्यवस्था भेदभावाची ठरवली. त्यानंतर २०१४ मध्ये त्याच न्यायालयासमोर अशा स्त्रीचे प्रकरण आले जिने कोणत्याही समूहाचे नाव सांगण्यास नकार दिला होता आणि आपण बोस्नियाची नागरिक आहोत एवढेच म्हटले होते; निकाल तिच्याही बाजूने लागला. घटनेतील ती कलमे बदललेली नाहीत.

युद्धानंतरची पहिली शिरगणती २०१३ मध्ये झाली. तिच्या आधी बोश्न्याक संघटनांनी लोकांना घरोघर बजावले की ‘बोस्नियन’ किंवा ‘मुस्लिम’ असे लिहू नका, ‘बोश्न्याक’च लिहा, नाही तर मते फुटतील, उलट काही नागरी गटांनी ‘आधी नागरिक’ असे लिहिण्याची मोहीम चालवली. निकाल २०१६ मध्ये जाहीर झाला आणि बोस्नियाच्या दोन घटक राज्यांपैकी सर्ब घटक राज्याने तो मानलाच नाही. लोकसंख्या ४३ लाख ७७ हजारांवरून ३५ लाख ३१ हजारांवर आली होती. बोश्न्याक ५०.१ टक्के, सर्ब ३०.८ टक्के, क्रोएट १५.४ टक्के, ‘इतर’ पावणेतीन टक्के, आणि काहीच न सांगणारे एक टक्क्याहूनही कमी. ज्या देशाचे नाव लावून लोक स्वतःला युगोस्लाव म्हणत होते तो देश मधल्या काळात नाहीसा झाला होता. नवे मिश्र विवाह युद्धापूर्वीच्या प्रमाणापेक्षा बरेच कमी होतात, आणि याला कायद्याची आडकाठी नाही. निबंधकाचे टेबल अजून तिथेच आहे. पण कित्येक गावांत एका शाळेच्या इमारतीत दोन समूहांची मुले दोन वेगळ्या दारांनी जातात आणि दोन वेगळे अभ्यासक्रम शिकतात, आणि पुलावरची ती दोघे एकत्र आली होती ती शाळेच्या दिवसांत.

मृतांची मोजदादही रकान्यांतच झाली. वर्षानुवर्षे नावानिशी पडताळणी करून तयार केलेल्या यादीत ९५,९४० माणसे आहेत : ६२,०१३ बोश्न्याक, २४,९५३ सर्ब, ८,४०३ क्रोएट आणि ५७१ इतर. युद्धकाळात फेकल्या गेलेल्या अडीच लाखांच्या अंदाजाला या यादीने पहिल्यांदा ठोस उत्तर दिले आणि तिचे मोल त्यामुळे कमी होत नाही. त्या मोजणीच्या रीतीप्रमाणे लाव दफनभूमीतील एकाच दगडाखालची ती दोन माणसे दोन वेगळ्या बेरजांमध्ये येतात, तो दुसऱ्या आकड्यात आणि ती पहिल्या.